मेळ्यातील गुज्जर लोई आणि तिला बांधलेली चुकीची पत्रिका

ग्वाल्हेरच्या व्यापार मेळ्यात दर हिवाळ्यात शाली, स्वेटर आणि पांघरुणांची जी लांबलचक रांग लागते, तिच्या अगदी टोकाला असलेल्या आणि नावाची पाटी नसलेल्या एका दुकानातून मी यंदा एक लोई घेतली. लोई म्हणजे हातमागावर विणलेली जाड लोकरी चादर. पंजाबात आणि जम्मूच्या डोंगरांत पुरुष ती दिवसा खांद्यावरून पांघरतात आणि रात्री तीच पांघरूण म्हणून अंगावर घेतात. दुकानदार जम्मूकडच्या राजौरी जिल्ह्यातील गुज्जर, म्हणजे तिकडच्या डोंगरांतल्या गुरे पाळणाऱ्या समाजातला आहे आणि त्याच्यासोबत त्याचा तरुण भाचा असतो. प्रत्येक लोईला दोऱ्याने एक घडीची हिंदी पत्रिका बांधलेली असते आणि तीत ही वस्तू बनवणाऱ्या लोकांचा इतिहास दहा-बारा ओळींत छापलेला असतो. या परीक्षणात मला लोईइतकेच त्या पत्रिकेविषयीही लिहायचे आहे. पत्रिकेचे वेगळे पैसे पडत नाहीत हे खरे, परंतु माल विकला जातो तो बऱ्याच अंशी तिच्या आधारानेच, आणि गिऱ्हाईक लोईबरोबर ती माहितीही घरी नेते व पुढे चार जणांना सांगते.

आधी वस्तूविषयी सांगते. लोई सुमारे अडीच मीटर लांब असून, हातमागाचा पन्हा लहान असल्यामुळे दोन पट्टे मधोमध जोडून ती तयार केलेली आहे. आमच्या वाण्याच्या काट्यावर तिचे वजन 1 किलो 350 ग्रॅम भरले. रंग लोकरीचा मूळचाच, म्हणजे करडा आणि त्यात तपकिरी झाक असलेला आहे. काठ तेवढा काळा आणि त्याला लागून लाल रेघ आहे. सूत हाताने कातलेले असल्याने त्याचा पीळ सगळीकडे सारखा नाही, आणि उजेडासमोर धरल्यास वीण कुठे दाट तर कुठे किंचित विरळ दिसते. विणून झाल्यावर कापड कोमट पाण्यात घालून पायांनी तुडवल्यामुळे लोकरीचे तंतू एकमेकांत गुंततात आणि वारा आत शिरत नाही. ग्वाल्हेरच्या जानेवारीत, जेव्हा धुक्यामुळे दुपारी बारापर्यंत ऊन पडत नाही, तेव्हा या गुणाची किंमत कळते. आमच्याकडे सासूबाईंच्या वेळची एक घोंगडी अजून आहे. दख्खनी मेंढीची भरड लोकर आणि चिंचोक्याची खळ यांमुळे ती पाठीला पुठ्ठ्यासारखी ताठ लागते. ही लोई तिच्यापेक्षा मऊ आहे, पण उघड्या मानेला ही देखील टोचते, त्यामुळे आत सुती उपरणे घेणे बरे.

लोकर खरी आहे का, हे पाहण्यासाठी मी दशांतला एक धागा काढून जाळून पाहिला. केस जळल्यासारखा वास आला आणि राख बोटांत चुरडली गेली. कृत्रिम धागा असता तर वितळून त्याची कडक गोळी झाली असती. दुकानदाराने लुधियाना बाजूच्या गिरणीतला माल वेगळ्या ढिगात ठेवला होता आणि विचारण्यापूर्वीच तसे सांगितले, हे त्याच्या बाजूने नोंदवले पाहिजे. किंमत 3,400 रुपये सांगितली आणि 3,000 रुपयांवर सौदा ठरला. पहिल्याच धुण्यात लाल रेघेचा रंग किंचित उतरला आणि मधल्या जोडाची शिवण वीतभर उसवली. मी लोई परत घेऊन गेले तेव्हा भाच्याने माझ्यासमोर बसून शिवण पुन्हा घातली आणि पैसे घेतले नाहीत. रंगाबाबत मात्र दोघांनीही, लाल सूत बाजारातून विकत घेतलेले आहे, आमचे नाही, एवढेच उत्तर दिले. ते प्रामाणिक असेल, पण समाधानकारक नाही, कारण रेघ लोईवरच आहे आणि लोई त्यांची आहे.

आता पत्रिका. तीत तीन गोष्टी ठामपणे सांगितल्या आहेत. ही लोई ‘पंजाबी बोलनेवाली एक पहाड़ी जनजाति’ बनवते; या जमातीचे पूर्वज जॉर्जियातून आले व म्हणूनच त्यांना गुज्जर म्हणतात; आणि हजारो वर्षे ही माणसे जगापासून अलिप्त राहिल्यामुळे त्यांची कला जशीच्या तशी टिकली. मी तीस वर्षे ग्वाल्हेरच्या लष्कर भागातील एका शाळेत मराठी आणि संस्कृत शिकवले आहे, त्यामुळे छापील ओळ चुकीची दिसली की हात आपोआप लाल पेनाकडे जातो. माझा पुतण्या सोबत आला होता. तो म्हणाला, “काकू, पत्रिका काय तपासत बसलात, आधी लोई तर बघा.” लोई बघून झाली होती.

जॉर्जियाची गोष्ट सर्वांत सोपी असल्याने ती आधी निकालात काढते. फारसीत त्या देशाला गुर्जिस्तान म्हणत, आणि ‘गुर्जर’ या, गुजर किंवा गुज्जर या नावाच्या जुन्या संस्कृत रूपाशी असलेल्या त्याच्या ध्वनिसाम्यावरून ही कल्पना निघाली व आता ती हवी तेथे छापली जाते. परंतु तेथील लोक आपल्या देशाला साकार्त्वेलो आणि स्वतःला कार्त्वेली म्हणतात. ‘गुर्ज’ हे परक्यांनी त्यांना दिलेले नाव आहे. त्यांची भाषा कार्त्वेली कुळातील आहे आणि त्या कुळाचा संस्कृतपासून निघालेल्या आपल्या भाषांशी काहीही नातेसंबंध नाही. ज्यांनी स्वतःला कधी गुर्ज म्हटलेच नाही, त्यांच्या नावावरून दुसऱ्या लोकांची वंशावळ काढायची, हे नागपूर आणि नागालँड यांचे मूळ एक आहे असे म्हणण्याइतकेच सयुक्तिक आहे.

बाहेरून आल्याचा सिद्धांत मात्र पूर्वी भल्या विद्वानांनीही मांडला होता, आणि तो जॉर्जियाच्या गोष्टीइतका पोकळ नाही, हेही सांगितले पाहिजे. पुरातत्त्वज्ञ अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी गुजरांची सांगड कुषाणांशी, म्हणजे युएची टोळ्यांशी घातली; मुंबई गॅझेटियरचे संपादक जेम्स कॅम्बेल यांनी ती कॅस्पियन समुद्राकडच्या खझार लोकांशी घातली; आणि इतिहाससंशोधक देवदत्त रामकृष्ण भांडारकर यांनी गुर्जर हे मध्य आशियातून येऊन हिंदू समाजात मिसळलेले लोक होत, असे आग्रहाने प्रतिपादन केले. त्याला कडाडून विरोध करणारेही मराठीच होते. भारताचार्य चिंतामणराव वैद्य यांनी गुर्जर परकीय नसून इथलेच आर्य होत, अशी बाजू मांडली. हे वैद्य एके काळी आमच्याच ग्वाल्हेर संस्थानात सरन्यायाधीश होते, म्हणून त्यांच्या युक्तिवादात वकिली बाणा दिसतो असे मला नेहमी वाटत आले आहे. दोन्ही पक्षांकडे पुरावा थोडा आणि तर्क पुष्कळ होता. सातव्या शतकात बाणभट्टाने हर्षाचा पिता प्रभाकरवर्धन याला गुर्जरांची झोप उडवणारा म्हटले, आणि त्याच शतकात आलेल्या ह्युएन त्संगने गुर्जर देशाची राजधानी म्हणून जे नाव दिले ते भिनमाळ, म्हणजे आजच्या राजस्थानातील गाव, असे मानले जाते. लिखित पुराव्याच्या उजेडात गुर्जर पहिल्यांदा स्पष्ट दिसतात ते राजस्थानात, आणि पत्रिकेने एवढे सांगितले असते तरी ते पुरेसे झाले असते.

ग्वाल्हेरच्या माणसाला तर यातले बरेचसे घराजवळच सापडते. ज्या मेळ्यात ही लोई विकली जाते तो माधवराव शिंदे यांनी 1905 साली सुरू केला तेव्हा पशुमेळा म्हणून सागरतालच्या मैदानावर भरत असे, आणि त्याच सागरतालजवळ प्रतिहार सम्राट मिहिर भोजाची प्रसिद्ध प्रशस्ती सापडली. त्या प्रशस्तीत राजकुलाचा संबंध रामाचा द्वारपाल, म्हणजे प्रतिहार, झालेल्या लक्ष्मणाशी जोडलेला आहे. ‘गुर्जर-प्रतिहार’ हा जोडशब्द मात्र अलवरजवळच्या राजोर येथील मथनदेवाच्या, विक्रम संवत 1016 च्या लेखात येतो. तो गुर्जर शब्द कुळाचा वाचक की देशाचा, यावर पंडितांत एकमत नाही. 2021 साली याच शहरात मिहिर भोजाच्या पुतळ्याच्या पाटीवर ‘गुर्जर’ लिहावे की लिहू नये यावरून उठलेला वाद उच्च न्यायालयाच्या खंडपीठापर्यंत गेला होता, हे येथील वाचकांना आठवत असेलच, त्यामुळे मी त्यात आणखी भर घालत नाही. कनिंगहॅम यांनी ग्वाल्हेरच्या उत्तरेकडील एका प्रदेशाचे नाव गुजरांवरून पडल्याची नोंद केली आहे. तोमरांचा तंवरघार, तसा हा गुजरघार. गुजरी महाल तर प्रत्येकाने पाहिलेला आहे. मानसिंह तोमराने आपली गुजर राणी मृगनयनी हिच्यासाठी बांधलेल्या त्या महालाचा विषय निघाला की आमच्या गाण्याच्या घरांत गुजरी तोडी या रागाचे नाव निघाल्याशिवाय राहत नाही. शेजारच्या मुरैना भागातला कंसाना आणि जम्मूच्या डोंगरातला कसाणा हे एकाच गोत्राचे नाव दोन उच्चारांत सांगत आहेत, असे दुकानदारही मानतो. मेळ्यात भाजी विकायला येणाऱ्या एका कंसाना आजोबांशी त्याची त्यावरून ओळख झाली होती. एक हिंदू, दुसरा मुसलमान, आणि दोघांच्या तोंडी खटाणा, चेची, बजाड ही तीच गोत्रे.

पण या सगळ्यापेक्षा मोठा पुरावा दुकानदाराच्या तोंडातच होता, आणि पत्रिका छापून घेताना नेमका तोच त्याला कोणी विचारला नाही. तो भाच्याला काठाविषयी काहीतरी सांगत असताना मला ‘काळो’ असा शब्द ऐकू आला. हिंदीतला ‘काला’ नव्हे. स्पष्ट ‘ळ’ असलेला काळो. मराठी माणसाचे कान ‘ळ’ला जन्मजात टवकारलेले असतात, विशेषतः आमच्यासारख्यांचे, ज्यांना आयुष्यभर ‘ळ’ म्हणता न येणाऱ्यांच्या शेजारात राहावे लागले. मी चौकशी केली तेव्हा तो म्हणाला की घरची भाषा गोजरी आहे, बाजारात पहाडी आणि पंजाबी बोलतो, पीर पंजालच्या डोंगररांगेपलीकडे गेल्यावर काश्मिरीही थोडी लागते आणि शाळेत उर्दू शिकलो. मग पत्रिकेत पंजाबी का, असे विचारल्यावर तो हसला. छापखान्यात हिंदी लिहून देणाऱ्या माणसाने सांगितले की गोजरी हे नाव कोणाला कळणार नाही, पंजाबी सगळ्यांना कळते.

मी तेथल्या तेथे एक छोटी परीक्षा घेतली. ‘माझा घोडा होता’ हे वाक्य मी त्याला घरच्या भाषेत आणि पंजाबीत म्हणायला सांगितले. गोजरीत तो म्हणाला, ‘मेरो घोड़ो थो.’ पंजाबीत म्हणाला, ‘मेरा घोड़ा सी,’ आणि ते म्हणताना त्याचा ‘घ’ जवळजवळ ‘क’सारखा होऊन सूर खाली गेला, जसा अस्सल पंजाबी बोलणाऱ्याचा जातो. पंजाबीत घ, झ, ढ, ध, भ या वर्णांतला महाप्राण, म्हणजे ‘ह’चा उच्चार, गळून त्याच्या जागी सुराचा चढउतार आला आहे, आणि त्यामुळेच आपल्या कानाला पंजाबी बोलणे गाण्यासारखे वाटते. आमच्याकडे काम करणाऱ्या मुरैनाच्या बाईला हेच वाक्य विचारले असते तर ती म्हणाली असती, ‘मेरो घोरो हतो.’ शेवटी ‘ओ’ येणारी नामे आणि विशेषणे, संबंध दाखवणारा ‘को’, भविष्यकाळाचा ‘गो’, भूतकाळाचा ‘थो’, ‘आमचा’ या अर्थी ‘म्हारो’ आणि ‘तुमचा’ या अर्थी ‘थारो’ ही गोजरीची लक्षणे मेवाती आणि एकंदर राजस्थानी बोलींशी जुळतात. पंजाबीत त्यांच्या जागी मेरा, दा, गा, सी, साडा, तुहाडा येते. हिमालयाच्या उतारावर राहणारा माणूस अलवर-मेवातचे व्याकरण बोलतो आहे, ही बाब एकदा लक्षात आली की जॉर्जियाची आठवणही राहत नाही.

हा शोध अर्थातच माझा नाही. भाषाशास्त्रज्ञ जॉर्ज ग्रिअर्सन यांनी आपल्या भारतीय भाषांच्या पाहणीच्या ग्रंथमालेत पंजाबीला नवव्या खंडाच्या पहिल्या भागात ठेवले, आणि डोंगरातल्या गुजरांच्या भाषेला ‘गुजुरी’ या नावाने त्याच खंडाच्या चौथ्या भागात, पहाडी भाषांबरोबर, स्वतंत्र जागा दिली. दोन्ही भाग 1916 साली प्रसिद्ध झाले. गुजुरी ही राजस्थानीचे रूप असून मेवातीला विशेष जवळची आहे, असे त्यांनी तेव्हाच नमूद केले होते. त्यांची अटकळ अशी होती की डोंगरातील आजचे गुजर राजपुतान्याकडून तेथे गेलेले असावेत. गुज्जरांच्या स्वतःच्या परंपरेतही दुष्काळ पडला, चारा संपला आणि आम्ही गुरे घेऊन उत्तरेकडे निघालो, असेच सांगतात. वाटेत त्यांनी आपले नाव पेरून ठेवलेले दिसते. आज पाकिस्तानातील पंजाबात असलेली गुजरात, गुजरांवाला आणि गुजरखान ही गावे त्याची साक्ष देतात. पंजाबच्या मैदानात जे गुजर स्थायिक झाले ते कालांतराने पंजाबीच बोलू लागले. गोजरी टिकली ती डोंगरात. पत्रिकेने मैदानातल्यांची भाषा डोंगरातल्यांच्या तोंडी घातली आहे.

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. ‘ळ’ ऐकून मला आनंद झाला खरा, परंतु त्यावरून काहीही सिद्ध होत नाही. ‘ळ’ आणि ‘ण’ हे वर्ण पंजाबीतही आहेत आणि राजस्थानीतही. गुरुमुखीत ‘ल’खाली टिंब देऊन ‘ळ’ लिहिता येतो, मात्र पुष्कळ जण ते टिंब देत नाहीत. ‘पाणी’ हा शब्द राजौरीत, जयपुरात, अमृतसरात आणि पुण्यात सारख्याच ‘ण’ने म्हटला जातो, आणि त्यावरून आपण कोणाचे चुलते ठरत नाही. दुकानदाराच्या गोजरीतही पंजाबी वळणाचा सूर मला ऐकू येत होता, आणि त्याचे कितीतरी शब्द सरळ पंजाबी होते. एवढ्यावरून पत्रिका लिहिणाऱ्याची फसगत झाली असेल, तर त्याला सगळा दोष देता येत नाही. सूर आणि शब्द शेजाऱ्यांकडून लवकर लागतात. प्रत्यय मात्र पिढ्यान्‌पिढ्या घरात राहतात.

हे कळण्यासाठी आम्हा ग्वाल्हेरच्या मराठी लोकांना राजौरीपर्यंत जाण्याची गरज नाही. 1810 साली दौलतराव शिंद्यांची छावणी पडली आणि तिचे लष्कर शहर झाले. तेव्हापासून आम्ही येथे आहोत. पुण्याच्या नातेवाइकांना आमच्या मराठीचा हेल हिंदी वाटतो, आम्ही ‘मला माहीत आहे’ म्हणताना कुठे सूर लावतो यावरून ते हसतात, आणि शब्दांची तर गोष्टच काढायला नको. आमच्या फाळके बाजारातल्या घरात भाजीची नावे निम्मी हिंदीच आहेत. परंतु ‘चा-ची-चे’ आमच्याकडून सुटले नाही, आणि ‘मी जातो’ याचे ‘मैं जाता’ झाले नाही. उद्या कोणी आमच्या नुसत्या हेलावरून परीक्षा करून ‘हिंदी बोलणारी, मैदानी जमात’ अशी पत्रिका आमच्या गळ्यात बांधली, तर आम्ही जेवढे रागावू, तेवढे रागावण्याचा हक्क या दुकानदाराला आहे. तो रागावत नाही, हा त्याचा स्वभाव.

जनगणनेतही त्याच्या भाषेची हीच तऱ्हा आहे. 2011 च्या जनगणनेत सुमारे 12 लाख लोकांनी गोजरी ही मातृभाषा सांगितली, पण त्यांची गणना हिंदीच्या पोटात केली गेली. शेजारची डोगरी, जिला ग्रिअर्सन यांनी पंजाबीचीच बोली मानले होते, ती 2003 साली राज्यघटनेतील भाषांच्या आठव्या अनुसूचीत गेली. गोजरीला ते स्थान मिळालेले नाही. जम्मू-काश्मीरच्या कला, संस्कृती व भाषा अकादमीत गोजरीचा स्वतंत्र विभाग आहे आणि ती फारसी-अरबी लिपीत छापली जाते. भाच्याने मला मोबाइलवर गोजरी कवितांचे एक पान दाखवले. लिपीमुळे मला ते वाचता आले नाही, पण त्याने वाचून दाखवल्यावर निम्मे तरी कळले, आणि त्या निम्म्यातले बरेचसे मुरैनाच्या बाईच्या बोलण्यामुळे कळले.

अलिप्ततेच्या दाव्याविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. जी माणसे दर वर्षी एप्रिल-मे महिन्यांत गुरेमेंढरे घेऊन पीर पंजाल ओलांडतात, साडेतीन हजार मीटरच्या आसपास असलेल्या पीर की गलीवरून पलीकडच्या उंच कुरणांत, म्हणजे ढोकांत, उन्हाळा काढतात आणि थंडीपूर्वी जम्मूच्या पायथ्याशी परततात, ज्यांचे दूध, तूप, लोकर आणि बकरे वाटेतल्या प्रत्येक बाजारात विकले जातात, आणि ज्यांना पाच भाषा बोलता येतात, त्यांना अलिप्त म्हणणारा माणूस बहुधा स्वतःच कोठे गेलेला नसतो. याच वाक्यात पत्रिकेने आणखी एक गोंधळ केला आहे. तीत ‘भेड़पालक गुज्जर’ असे म्हटले आहे. डोंगरात मेंढ्या-बकऱ्या बाळगणारे ते बकरवाल. गुज्जरांचे मुख्य धन म्हशी, आणि दूधविक्रीवर राहणाऱ्यांना दोधी म्हणतात. दोघांची भाषा गोजरीच, गोत्रेही पुष्कळशी तीच, आणि दोघांनाही 1991 साली अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला, तरी ते स्वतःला वेगळे मानतात. या दुकानदाराच्या घरी म्हशी आहेत; लोकर तो बकरवाल ओळखीच्यांकडून घेतो, घरातल्या बायका ती टकळीवर कातून देतात आणि गावातला विणकर विणतो. आमच्याकडे धनगराने मेंढ्या राखाव्यात आणि सणगराने घोंगडी विणावी, तशीच ही कामाची वाटणी आहे. ती पत्रिकेत छापली असती तर एकट्या या लोईमागे किती हात आहेत, हे गिऱ्हाइकाला कळले असते, आणि मला वाटते, 400 रुपये कमी करण्याची घासाघीस मीही केली नसती.

दुकानाच्या एकूण व्यवहाराविषयी सांगायचे तर बोलणे सौम्य आहे, माल उलगडून दाखवण्यात कंटाळा नाही, पैसे मोबाइलवरून घेतात, पण पावती साध्या कागदावर हाताने लिहून देतात आणि तीवर दुकानाचा पत्ता नसतो. मेळा संपल्यावर तक्रार कोणाकडे करायची, हा प्रश्न त्यामुळे उरतो. गर्दीच्या दिवशी भाचा एकटा असेल तर लोई आणि गिरणीची चादर यांचे ढीग एकत्र होतात. धागा जाळून पाहण्याची सवय ठेवावी, तो हरकत घेत नाही. लोई घरी आणल्यावर पहिले धुणे रिठ्याच्या थंड पाण्यात करावे, पिळू नये, आणि लाल काठाची रेघ असलेली घेण्याऐवजी नुसत्या काळ्या काठाची घ्यावी. तीही त्याच किमतीत मिळते. तिचा काळा रंग मेंढीचाच असल्यामुळे तो उतरण्याचा प्रश्नच येत नाही.

शिवण दुरुस्त करून घेतली त्या दिवशी मी त्याला पत्रिकेतील चुका सांगितल्या. त्याने सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाला, “बीबीजी, तो आप ही लिख दीजिए, अगले साल वही छपवा देंगे.” मी तेथेच स्टुलावर बसून त्याच्या पावतीपुस्तकाच्या मागे पाच ओळी हिंदीत लिहिल्या. लोकर बकरवालांची, कताई गुज्जर घरांतली. पूर्वजांची आठवण राजस्थानाकडची. भाषा राजस्थानीच्या नात्यातली, शेजार पंजाबीचा. त्यात मी ‘गोजरी बोली’ असे शब्द लिहिले होते. त्याने भाच्याकडून ते मोठ्याने वाचून घेतले, पेन मागून घेतले, ‘बोली’ खोडले आणि वर उर्दूत ‘ज़बान’, म्हणजे भाषा, असे लिहिले. तीस वर्षे दुसऱ्यांच्या वह्या तपासल्यानंतर माझी वही कोणीतरी तपासली, आणि चूक खरोखरच माझी होती.